गवंडीदादांचा शिरीष

मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका! पत्रा गंजला असेल, एका मुठीला चिंधी गुंडाळलेली असेल, पण मी चांगल्या घरची ढकलगाडी आहे. हो, तीच, एका चाकाची अन् दोन दांड्यांची, बांधकामावर विटा वाहते ती.

एका वेल्डिंगवाल्याने जाड पत्रा वाकवून मला घडवलं आणि पुढे जुन्या मोपेडचं चाक बसवलं. मग गवंडीदादा मला घरी घेऊन आले. त्यांच्या हाताखाली मी उभा जन्म राबले. गल्लीमागच्या टेकडीचा मुरूम खणायचा, माझ्यात भरायचा आणि घरांच्या पायात नेऊन टाकायचा, हेच आमचं काम. गल्लीतली निम्मी घरं त्याच मुरमावर उभी आहेत. पण घरं उभी राहता राहता टेकडी उघडीबोडकी झाली. मोठा पाऊस आला की तिची माती वाहत थेट लोकांच्या उंबऱ्याशी यायची.

म्हातारपणी दादांना ते डाचायला लागलं. "हिला आपण ओरबाडलं, आता पांघरूणही आपणच घालायला हवं," असं ते बायकोला म्हणायचे. त्यांनी गल्लीतली माणसं गोळा केली आणि दर रविवारी सकाळी टेकडीवर श्रमदान सुरू झालं. पहिलं रोप दादांनी स्वतःच्या हाताने लावलं, शिरीषाचं. महिनाभरात दादा गेले.

मला वाटलं, आता कसलं श्रमदान आणि कसलं काय! पण दादांच्या घरातल्या दोघी बायकांनी पदर खोचला. एक दादांची बायको, दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. दुसरी त्यांची धाकटी बहीण, शिवणकाम करणारी. या नणंद-भावजयांनी मला पाण्याच्या कॅनांनी भरून टेकडीवर चढवलं. चढ असा, की एकटीला जमायचं नाही. नणंदबाई मागून ढकलायच्या आणि वहिनी पुढे दोरी बांधून ओढायच्या.

"वन्सं, जोर लावा की! सकाळी जेवला नाहीत का?" वहिनी मुद्दाम मान देऊन चिडवायच्या.

"जोर लावतेय गं बाई! तूच दोरी ढिली सोडतेस," नणंदबाई धापा टाकत म्हणायच्या. "उद्या तुलाच या गाडीत बसवून न्यावं लागणार, बघ!"

मागून येणारी माणसं हसायची. ते दिवस काय सांगू तुम्हाला! कुणी खड्डे खणायचं, कुणी आडवे चर काढायचं, कुणी नुसत्याच सूचना करायचं. पण माझ्याशिवाय कुणाचं पान हलत नव्हतं.

रोपं वाऱ्याने वाकायला लागली तेव्हा नणंदबाईंनी दुकानातून नायलॉनच्या नाडीची गुंडाळी आणली.

"झाडांना काय पायजमे शिवणार आहात?" वायरमनने विचारलं. तोही दर रविवारी यायचा.

"हसा खुशाल. ही नाडी कुजत नाही आणि माझी गाठ सुटत नाही," नणंदबाई तोऱ्यात म्हणाल्या. प्रत्येक रोप त्यांनी काठीला घट्ट बांधलं. दादांच्या शिरीषाला तर दोन वेढे जास्तच दिले.

त्यानंतर वहिनींनी एक काम अंगावर घेतलं. पाणी घालताना त्या प्रत्येक रोपापाशी वाकायच्या, खोडाभोवतीची नाडी चाचपायच्या आणि घट्ट वाटली की कात्रीने कापून सैल बांधायच्या. पट्टी बदलावी तसं चालायचं त्यांचं. त्याचा कधी गाजावाजा केला नाही.

वर्षाच्या अखेरीस टेकडी हिरवी दिसायला लागली आणि वहिनींचे गुडघे गेले. दोरी धरली की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. नणंदबाईंना ते बघवेना. त्यांनी वायरमनच्या मागे लागून पंप बसवून घेतला, टेकडीभर पाईप टाकून घेतले. खालून एक बटण दाबलं की सगळ्या झाडांना पाणी! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला अंगणातल्या शेडमागे पालथं घातलं. टाळ्या मीही ऐकल्या.

मग रविवारी वर जायचं कारणच उरलं नाही. एकेक जण यायचा बंद झाला. वहिनी खिडकीतून टेकडीकडे बघायच्या. ती शेड त्यांच्या खिडकीखालीच, त्यामुळे सगळं कानावर पडायचं.

"अगं, माझी कात्री घेऊन वर जाऊन ये. नाड्या सैल करायला हव्यात."

"जाते गं वहिनी. या रविवारी नक्की."

पण लग्नाचे कपडे, गणवेश, नाही तर आलेले पाहुणे. नणंदबाईंचं मन वाईट नव्हतं, मित्रांनो. खालून शेंडे हिरवेगार दिसत होते, म्हणून त्यांना घाई वाटली नाही. मी मात्र पालथी पडून मनात आक्रोश करत होते. कुणीतरी मला सरळ करा, वर न्या!

एका रात्री सोसाट्याचा वारा सुटला. सकाळी नणंदबाई शेडमागे आल्या, मला सरळ केलं आणि वहिनींना आणून माझ्यात बसवलं. त्या दिवशी कुणाला हसू आलं नाही. वायरमनने दोरी ओढली.

दादांचा शिरीष आडवा झाला होता. मुळं जागच्या जागी होती. खोड नेमकं नाडीपाशी मोडलं होतं. नाडी सालीत रुतून आत गेली होती आणि गाठ तशीच होती, न सुटलेली.

"पाणी तर रोज घातलं गं," नणंदबाई कशाबशा बोलल्या.

"हो. पाणी घातलंस," वहिनी म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग नणंदबाईंनी कात्री काढली आणि उरलेल्या झाडांच्या गाठी एकेक करून कापल्या. काही झाडं वाचली, पण त्यांच्या खोडावर अजूनही त्या नाडीचा वळ आहे.

उतरताना वायरमनने वहिनींसाठी मला पुढे केलं. वहिनींनी मान हलवली.

"यात ह्यांचं झाड ठेवा. मी चालते."

आणि त्या चालल्या, नणंदेच्या खांद्यावर हात टाकून, दर पावलाला थांबत. त्यांच्यापुढे शिरीष घेऊन मी.

आता दर रविवारी नणंदबाई मला वर नेतात. पाण्यासाठी नाही, पाणी पाईप देतो. माझ्यात फक्त एक कात्री असते. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. ज्याला तुम्ही जीव लावून बांधलंय, ते वाढतंय हे विसरू नका. खालून हिरवं दिसलं तरी वर जा, आणि गाठ हाताने चाचपून बघा.