संशोधन, सहकारी तत्त्वावर

बी.एड. कॉलेजातल्या प्राध्यापकांनी एकत्र येऊन संशोधन करावं, असं विद्यापीठाचं फर्मान आलं आणि आमच्या स्टाफरूमवर सुतकी कळा पसरली. एकमेकांनी पुढे केलेला चहासुद्धा संशयाने पिणारी माणसं ती. चेअरमन भिमाजीअण्णा मात्र खूश झाले. साखर कारखाना त्यांच्या हातात, कॉलेजही त्यांनीच काढलेलं. म्हणाले, "कारखाना सहकारात, दूध सहकारात, मग संशोधनच तेवढं मागं का? सभासद व्हा, ठराव करा, मोकळं व्हा!" साल एकाहत्तर. नगर जिल्ह्यात तेव्हा सहकारावाचून पान हलत नव्हतं.

पाच सभासद झाले. अध्यक्ष प्राचार्य औटी, तीन प्राध्यापक आणि जामखेडकडच्या लंका सानप बाई. मी ग्रंथपाल, त्यामुळे मला मत नव्हतं. विषय ठरला, ऊसतोडणी मजुरांच्या मुलांचं वाचन. काम वाटून घेतलं, म्हणजे चौघांनी प्रस्तावना वाटून घेतली आणि उरलेलं सगळं बाईंना दिलं. हंगामभर बाई रोज दुपारी मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्यांवर जायच्या, मुलांना पाचटावर बसवून शिकवायच्या. चौघांना त्या कोप्या फक्त एस.टी.च्या खिडकीतून ठाऊक.

शिमग्याच्या सुमारास बाईंनी सभेत सांगितलं, मुलं वाचतात. जागेवर वर्ग भरवला तर गावातल्या मुलांइतकंच वाचतात. पुढच्या हंगामाला पत्र्याची एक शेड आणि एक शिक्षक द्या, बस्स. त्या शेडसाठीच त्यांनी एवढं रक्त आटवलं होतं.

अण्णांचा चेहरा पडला. "आवं बाई, पोरं शाळंत बसल्यावर तान्ही कुनी सांभाळायची? आन् आयांनी कोयता कवा धरायचा?"

औटी सरांना एवढं पुरलं. त्यांनी खडू उचलला आणि सुवाच्य अक्षरात फळ्यावर निष्कर्ष लिहिला : 'ऊसतोडणी मजुरांच्या मुलांना वाचन साध्य होत नाही.' मतदान दुसऱ्या दिवशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाई कोपीवरच्या भागूला घेऊन आल्या. आठ-नऊ वर्षांची पोर. "मतदानाआधी हिला ऐका," म्हणाल्या. भागूने समोरचा फळा न अडखळता वाचून दाखवला, 'होत नाही'पर्यंत, जोडाक्षरांसकट. मला तर टाळी वाजवावीशी वाटली. आता कुठे तोंड लपवतील, म्हटलं.

पण कोडग्यांना लाज कसली? मानसशास्त्रवाले म्हणाले, "अपवाद आहे." अध्यापनपद्धतीवाले म्हणाले, "उच्चार ग्रामीण आहेत. हे वाचन नव्हे." तिसऱ्यांचं काहीच मत नव्हतं, ते अण्णांकडे पाहत होते.

"सहकारात वाद नको," औटी सर म्हणाले. "फळ्यावरचा निष्कर्ष मान्य असेल त्यांनी हात वर करा."

चार हात वर गेले. बाई हाताची घट्ट घडी घालून बसल्या. भागूने सगळीकडे पाहिलं. बाईंच्या वर्गात ज्याला येतं तो हात वर करी. एवढ्या मोठ्या माणसांना येतंय, तर आपल्यालाही येतंयच की! तिने तोऱ्यात हात वर केला. "बाई, मला बी येतंय!"

औटी सरांनी बोटाने हात मोजले. सभासद पाच, हात पाच.

"ठराव एकमताने मंजूर."

अण्णांनी टाळी वाजवली, चौघांनी वाजवली. त्या चौघांची मला अशी शिसारी आली की काय सांगू. टाळ्या आपल्यालाच मिळाल्या असं वाटून भागू हसत होती. तिचा हात अजून वरच होता, आणि तो खाली घे असं बाईंना सांगवेना.