महाराजांचं फडकं

देवी माणसाचा रोग स्वतःच्या अंगावर घेते, याचा पुरावा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत स्टीलच्या डब्यात मिळत असे. डब्यात भात घालायचा, तोंडाला पिराजी महाराजांनी दिलेलं ओलं फडकं बांधायचं आणि तीन दिवस देव्हाऱ्यापुढं ठेवायचं. उघडल्यावर भातावर रक्ताचे थेंब. मंगळवारी गल्लीत चपला काढायला जागा उरत नसे. महाराज पूर्वी गॅसच्या शेगड्या दुरुस्त करत. आता माणसं करत.

“तुझा रोग भातात उतरला,” ते सांगत. “आता गोळ्या खाल्ल्यास, तर त्येला परतीचा पत्ता गावंल.”

धोंडुबाईंना क्षयाच्या गोळ्यांनी मळमळायचं. सहापैकी दोन महिने झाले होते. देवीनं उरलेले चार माफ केल्याचं त्यांनी पुण्याला भाचीला फोनवर कळवलं. आई गेल्यावर इरावतीला या आत्तीनंच वाढवलं होतं. इरावती सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, आणि अकरा वर्षं ती प्रयोगशाळेत भातावर असे रक्तासारखे थेंब उमटवणाऱ्या लाल जंतूवरच संशोधन करत होती. तिनं फोनवर त्याचं लॅटिन नाव सांगितलं. तो ओल्या भातावर कसा वाढतो, रंग कसा तयार करतो, सगळं सांगितलं. एक शब्द चुकला नाही.

“लई ग्वाड नाव हाय गं देवीचं,” आत्ती म्हणाली. “तू एकदा येऊन बघ की.”

इरावती हसली. गोळ्या थांबवू नकोस म्हणाली, आणि शोधनिबंध संपला की येते म्हणाली. निबंध संपायला चार महिने लागले. ती आली तेव्हा आत्ती दवाखान्यात ऑक्सिजनवर होती. अकराव्या दिवशी गेली. घरी देव्हाऱ्याखाली गोळ्यांची न फोडलेली पाकिटं नीट रचून ठेवलेली होती.

तेरावं झाल्यावरच्या मंगळवारी इरावती महाराजांच्या अंगणात गेली आणि चार फडकी मागितली. फडक्यांना नियम होता: साबण नाही, कढत पाणी नाही, सोवळं मोडतं. एका घरचं फडकं परत आलं की बादलीत, आणि बादलीतून पुढच्या घरी. तिनं दोन फडकी महाराजांच्याच शेगडीवर उकळली, दोन तशीच ठेवली. चार डबे, एकाच पातेल्यातला भात. ओसरीवर, सगळ्यांच्या डोळ्यांपुढं.

शुक्रवारी दोन डबे लाल निघाले. उकळलेल्या फडक्यांचे दोन पांढरे.

महाराज म्हणाले, देवी रुसली. दोनच डब्यांवर कशी रुसली, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा त्यांना तातडीनं पेठ वडगावला जायचं आठवलं. मग त्यांचा सेवेकरी केरबा खाली बघत बोलला. म्हाराज दर आठवड्याला बादलीत जुना लाल भात कालवत, परसाद म्हणून.

“म्हंजे देवी उकळल्यावर मरती व्हय, ताई?” त्यानं विचारलं.

“देवी नाही, काका. जंतू मरतो. आत्तीच्या छातीतला गोळ्यांनी मेला असता.”

बायका आपापले डबे घेऊन गेल्या.

इरावती पुण्याला परतली ती राजीनामा द्यायला. जे अकरा वर्षं माहीत होतं ते एका माणसाला सांगता आलं नव्हतं. आता ती कोल्हापुरात विद्यापीठात शिकवते. पहिल्या तासाला लॅटिन नाव सांगत नाही. दोन डबे टेबलावर ठेवते आणि म्हणते, “देव माना, नका मानू. पण कोणी गोळ्या थांबवा म्हणालं, तर आधी त्याचं फडकं उकळून बघा. आणि घरच्यांना सांगायचं असेल, तर समोर बसून सांगा.”

यंदा पूर्णिमा नावाच्या मुलीनं विचारलं, किती वेळ उकळायचं?

“वीस मिनिटं,” इरावती म्हणाली.

पुण्याहून कोल्हापूरला यायला पाच तास लागतात.