एकदाच विचारलं

हे तुम्ही केलंत, साहेब. शिक्षणखात्याच्या खुर्चीत बसून पोरं भांडतील असं कारण काढलंत आणि एका शाळेच्या दोन शाळा केल्यात. सकाळी गावातली पोरं, दुपारी टेकडीवरची. यांनी पुढच्या फाटकानं बाहेर पडायचं, त्यांनी मागच्या फाटकानं आत यायचं. पोरं खरंच भांडली नाहीत. भांडायला आधी भेट व्हावी लागते. त्या कामगिरीचं फळ बघायचं असेल तर या वॉर्डात या, आणि जरा उभे राहा.

"बाबा, दुखतंय का?" सिस्टरनं विचारलं.

खाटेवरच्या म्हाताऱ्या सुतारानं मान हलवली. "नाही."

खुब्याचं हाड मोडलेलं, कालच ऑपरेशन झालेलं. चादरीचा कोपरा मुठीत घट्ट धरलेला. सिस्टर पुढच्या खाटेकडे वळली. दुखण्याचं इंजेक्शन जो मागेल त्याला, अशी वॉर्डाची चालच होती.

"या टेकडीवाल्यांच्या अंगात रक्त आहे की लाकडाचा भुसा?" फरशी पुसता पुसता मावशी म्हणाली. "नाहीतर तो आपला खिडकीजवळचा मास्तर. सुई दिसली की आईचं नाव घेतो."

"चिवट असतात, मावशी. नव्या पोरींना मी सांगते, सोसणं शिका यांच्याकडून."

हे ती कौतुकानं सांगायची. बाई वाईट नव्हती. हात इतका हलका, की रोगी तिच्याच पाळीची वाट बघायचे. उभा जन्म या वॉर्डात गेला, निवृत्ती तोंडावर आली. पण टेकडीवरची माणसं तिला आडवी झाल्यावरच भेटली. शाळेत असताना ती माणसं म्हणजे मागच्या फाटकाच्या गजांतून दिसणाऱ्या वेण्या, बस्स.

दुपारी सुताराची लेक आली. लांबच्या शहरातून, बॅग खांद्यालाच. बापाच्या उशाशी बसून तिनं त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. म्हाताऱ्यानं मान हलवली, नाही. तिनं पुन्हा तेच विचारलं. पुन्हा नाही. तिनं चादर सारखी केली, जरा थांबली, आणि तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा म्हाताऱ्याची हनुवटी थरथरली. त्यानं होकार दिला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"सिस्टर, त्यांना फार दुखतंय. कालपासून."

"अगं, मी सकाळीच विचारलं. नाही म्हणाले."

"पहिल्यांदा नाहीच म्हणणार ते." लेक म्हणाली. "आमच्यात पहिल्या विचारण्याला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. दुसऱ्यांदाही नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं, म्हणजे समोरच्याला खरंच द्यायचंय. मग घ्यायचं."

सिस्टरनं इंजेक्शन दिलं. हळूहळू म्हाताऱ्याची मूठ सैल झाली आणि डोळा लागला.

"तुम्ही इथल्याच शाळेत होता ना?" लेकीनं विचारलं.

"सकाळच्या."

"मी दुपारच्या. आम्ही बसायचो तेव्हा बाक गरम असायचे. आई म्हणायची, बाक गरम म्हणजे कोणीतरी नुकतंच उठून गेलं. मी रोज विचारायची, कोण?"

दोघींना मिळून एक मधली सुट्टी पुरली असती. हिनं डबा पुढे केला असता, तिनं नको म्हटलं असतं, हिनं पुन्हा पुढे केला असता. पोरं एकदा विचारून थांबत नाहीत, पिच्छा पुरवतात. शहाणी झाल्यावरच माणसं एकदा विचारून पुढच्या खाटेकडे जातात.

"आई याच वॉर्डात गेली," लेक म्हणाली. "तुम्हीच फोन केला होतात. मला यायला उशीर झाला."

सिस्टरला आठवलं. कोपऱ्यातली खाट, पोटातली गाठ, भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई. रोज जाता जाता सिस्टर तिला विचारायची, दुखतंय का. रोज एकदा. फोनवर तिनं मनापासून सांगितलं होतं, तुझी आई शांतपणे गेली गं, शेवटपर्यंत एकदाही दुखतंय म्हणाली नाही.

"त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली," लेक म्हणाली. "मला वाटलं, आमची एवढी माणसं इथं येतात, तीनदा विचारायचं हे तुम्हाला ठाऊकच असणार." तिचा आवाज चढला नाही. "सिस्टर, आईला कोणी दुसऱ्यांदा विचारलं होतं का?"

मावशीचा हात फरशीवर थांबला. सिस्टरनं रिकामी सुई ट्रेमध्ये ठेवली, मग उचलली, मग परत ठेवली.

ती काय बोलणार, साहेब? प्रश्न चुकून तिच्याकडे आलाय, तो तुमचा आहे. पोरगी उभी आहे. तिला उत्तर द्या.