मसाल्याच्या डंकाचा शिक्का

मित्रांनो, आधी माझी मूठ नीट धरा, मग माझं ऐका. मी मसाल्याच्या डंकाचा जुना रबरी शिक्का आहे. घाटकोपरच्या एका टपरीत जन्मलो. माझ्या तोंडावर उलटी अक्षरं आहेत: 'सातेरी मसाला डंक, प्रोप्रायटर'. कागदावर ती सुलटी उमटतात. आमचा डंक, म्हणजे मसाला कुटायची गिरणी, मुलुंडला. मालकीण शेवंतीकाकी, आणि मशीनवर मिरची कुटायला त्यांचे यजमान गुणाजी.

करंट खात्याच्या चेकवर नुसती सही चालत नाही, मीही लागतो. पहिली काही वर्षं माझी ऐट होती. काकी दसऱ्याला मला हळदकुंकू लावायच्या. मला वाटायचं, मी उमटलो की कागद खरा होतो. किती मूर्ख होतो मी!

एका एप्रिलमध्ये बँकेचा नितेश दुकानात आला. एप्रिल म्हणजे आमची लगीनघाई. बाहेर बायकांची रांग, आत काकींचे हात कोपरापर्यंत तेलकट तांबडे.

"वहिनी, केवायसीचे कागद आहेत. तुम्ही फक्त सह्या करा. बाकी मी भरतो."

"शिक्को थंय खणात आसा, तुमीच मारा," काकी म्हणाल्या. तशाच हातांनी त्यांनी सह्या केल्या. नितेशने मला चार कागदांवर दाबलं. चारही कोरे! मी ओरडणार कसा? शिक्क्याला तोंड असतं, आवाज नसतो.

पावसाळ्यात मसाला कोण कुटतो? तेव्हा खात्यात खडखडाट. पण भाड्याचा चेक, विजेचं बिल, सगळं ठरल्या तारखेला जातंच. पूर्वी काकी धावतपळत पैसे भरायच्या. आता चेक आपोआप पास होऊ लागले. काकी खूश झाल्या. पण दर वेळी मोबाईलवर इंग्रजी मेसेज यायचा आणि पाचशे नव्वद रुपये गायब व्हायचे. महिन्यातून कधी दोनदा, कधी चारदा.

एटीएम कार्ड गुणाजींकडे असायचं. संशय कुणावर जाणार?

"तुमी पैसे खंय घातलात? कुडाळाक भावाक धाडलात ना?"

"शपथ घेतंय, एक रुपयो काढूक नाय."

"मग काय उंदरान खाल्ले? मिरचीच्या खरेदीचे पैसे होते ते! चोर घरातच आसा माझ्या."

गुणाजींनी कार्ड गल्ल्यावर ठेवलं. "मी चोर? बरा. उद्याच्या गाडीन गावाक जातंय. तुझो डंक तूच चालव." बत्तीस वर्षांचा संसार, मित्रांनो, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत मोडत होता. खरा चोर कुठे बसलाय ते मला ठाऊक होतं.

समोर मृणालिनीचं झेरॉक्सचं दुकान आहे. काकी तिच्याकडे खात्याचा उतारा काढायला गेल्या, नवऱ्याची चोरी पकडायला! मला पिशवीत टाकलं होतं. मृणालिनीने कागद वाचले आणि डोक्याला हात लावला.

"काकी, काकांनी काय नाय काढलं. हे ओव्हरड्राफ्टचे चार्जेस आहेत. खात्यात पैसे नसले की बँक स्वतःचे घालते आणि दर वेळी तुम्हाला कापते. दोन पावसाळ्यांत चौदा हजार!"

काकी तशाच बँकेत गेल्या. मृणालिनी सोबत होती.

"वहिनी, ओव्हरड्राफ्टचा अर्ज तुमचाच," नितेशने फाईल उघडली. "सही तुमची, शिक्का तुमचा."

माझा ठसा! ठसठशीत. लाजेने मी वितळलो असतो.

काकी कागदावर वाकल्या. "हा तांबडा डाग बघितलास? माझ्या मसाल्याच्या हाताचा. सही करताना पडलेला. आणि तुझं अक्षर त्या डागावर चढलंय, तेलात शाई फुटलीय बघ. म्हणजे मी सही केली तेव्हा कागद कोरा होता. सांग ना, कोणी भरला?"

नितेश पाणी प्यायला. हे ऐकून बँकेचे मॅनेजर पुढे आले आणि मऊ झाले. दोन महिन्यांचे चार्जेस परत दिले, बाकीच्यासाठी म्हणाले, "तक्रार लिहून द्या." काकींनी तक्रार दिली आणि खातंही बंद केलं.

नव्या बँकेत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खात्यात पैसे नसले तर काय करता?" तिथला माणूस म्हणाला, "चेक परत जातो. दंड किती ते इथे लिहिलंय. ओव्हरड्राफ्ट मागितल्याशिवाय नाही." काकींचा त्याच्यावरही विश्वास बसला नाही. मृणालिनीकडून ओळ न् ओळ वाचून घेतली, रिकाम्या जागांवर रेघा मारल्या, मगच मला उचललं.

गाडी गेली तरी गुणाजी गेले नव्हते. रोज बॅग घेऊन डंकाच्या पायरीवर बसायचे, मशीनला हात लावत नव्हते. नव्या बँकेचं कार्ड आलं तसं काकींनी ते त्यांच्या हातात दिलं. "चुकलंय मी."

"रवांदे तुझ्याकडे," म्हणत त्यांनी ते परत केलं आणि मशीन चालू केलं. आता ते चहाचे दहा रुपयेसुद्धा काकींकडे मागून घेतात. त्यांनी हात पुढे केला की काकी मान खाली घालतात.

मित्रांनो, कोणी गोड बोलून म्हणेल, 'सही करा, बाकी मी भरतो.' अशा माणसाला दारातूनच परत पाठवा. आणि पैसे कमी झाले तर घरच्या माणसाला चोर म्हणण्याआधी तो कागद कुणाकडून तरी वाचून घ्या.