शेवंतीचं कडियाळ

शेजारच्या भिमाजीनं घोडीच्या तोंडासाठी आणलेलं कडियाळ मंजुळाबाईंनी हातात घेतलं, तर ते एखाद्या तोरडीसारखं हलकं लागलं. दोन बारीक लोखंडी सळया, मधोमध एकमेकींत अडकवलेल्या, आणि दोन्ही टोकांना लगाम बांधायच्या कड्या.

"काकू, याच्याहून नाजूक अख्ख्या चाकणात मिळायचं न्हाई," भिमाजी म्हणाला. "तोंडात काय हाय ते शेवंतीला कळायचं बी न्हाई."

शेवंतीला कळलं. लगाम जरासा ताणला, तशी ती मागच्या पायांवर उभी राहिली, गोठ्याच्या तुळईला तिचं डोकं आपटलं आणि भिमाजी गव्हाणीत जाऊन पडला. उठला तेव्हा त्याच्या सदऱ्याला कडबा चिकटला होता आणि घोडीच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाल लाळ ओघळत होती.

"दिवसभर कंपनीत मशीन चालवतो मी," तो अंग झाडत म्हणाला. "तिला निदान बटन तरी असतंय."

मंजुळाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदराच्या टोकानं घोडीचा ओठ टिपायला हात पुढं केला. शेवंतीनं मान वळवून घेतली. त्यांच्या हाताला ती नेहमीच मान वळवायची. घमेल्यात टाकलेलं खायची, त्यांच्या हातातलं कधी नाही.

माघी पौर्णिमेला दोन महिने उरले होते. त्या दिवशी निमगावच्या खंडोबाच्या घाटात बैलगाडे पळायचे. गाड्यापुढं घोडी पळते आणि तिच्या मागं बैल जीव खाऊन धावतात. त्या घाटात शेवंती पळवीन, असा ज्योतीरामचा नवस होता. ज्योतीराम म्हणजे मंजुळाबाईंचा एकुलता एक मुलगा. गेल्या श्रावणात विषमज्वरानं अकराव्या दिवशी गेला. जायच्या आदल्या दिवशी शुद्धीत आला, तेव्हा एवढंच म्हणाला, "आई, घाट राहिला गं." तेव्हापासून मंजुळाबाई अनवाणी चालत होत्या आणि रविवारी पाण्यावर राहत होत्या. देवाचं दिल्याशिवाय त्यांना सुटका नव्हती.

आणि पंचांचा नियम होता की घोडीच्या तोंडात लोखंडी कडियाळ हवंच. तीन वर्षांपूर्वी नुसत्या दोरीवरची एक घोडी माणसांत घुसली होती, तेव्हापासून तो नियम झाला. ज्योतीराम तर शेवंतीला मोहरकीच्या मऊ दोरीवरच पळवायचा. म्हणूनच त्याचा नवस लांबत गेला होता. "देव थांबंल," तो म्हणायचा, "पण हिच्या तोंडाला मी लोखंड लावायचो न्हाई." माळावरून दौड संपली की उतरायचा, मोहरकी काढून टाकायचा आणि उघड्या तळव्यावर भाकरीचा तुकडा धरायचा. खाऊन झाल्यावर घोडी हनुवटी त्याच्या तळव्यावर ठेवून डोळे मिटायची.

दुसऱ्या दिवशी मंजुळाबाई आणि भिमाजी घोडीला चालवत चाकणला युसुफकडं घेऊन गेले. युसुफ नालबंद. नाल ठोकायचा, खोगिरं शिवायचा, कडियाळं घडवायचा. त्यानं भिमाजीचं कडियाळ बघितलं आणि बाजूला ठेवून दिलं.

"पातळ म्हणजे हलकं, असं समद्यांना वाटतं," तो म्हणाला. "मावशी, भरलेली घागर सुतळीनं वढली तर हात कापतो का जाड सोलानं वढली तर?"

"सुतळीनं."

"मग? जाडच पायजे. पन लई जाड बी चालत न्हाई. हिचं तोंड ल्हान, जीभ मांसल. तोंड मिटलंच न्हाई तर ती पळंल कशी? आन ही मधली जोडाची कडी बघा. लगाम वढला की घडी पडून वर उठती आन टाळूला टोचती."

त्यानं ज्वारीचं एक चिपाड घेऊन घोडीच्या तोंडाची रुंदी मोजली, नखानं खूण केली. मग जिथं घोड्याला दात नसतात त्या मोकळ्या जागेतून अंगठा आत घातला, दुसरं बोट टाळूवरून सावकाश फिरवलं. फिरता फिरता ते थांबलं.

"हिला डागलंय कुनी?"

"आधीच्या मालकानं असंल," भिमाजी म्हणाला. "ज्योतीराम तर त्या मालकाला शिव्याच द्यायचा."

मंजुळाबाई भट्टीकडं बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "मी डागलं."

मग त्यांनी सांगितलं, अगदी हळू आवाजात, जणू कुणा तिसऱ्याची गोष्ट सांगावी तसं. शिंगरू घरी आलं त्या वर्षी ज्योतीराम देहूरोडला लष्कराच्या डेपोत पंधरा दिवस कामाला गेला होता. शिंगरानं चारा सोडला. वरच्या दातांमागं टाळू सुजून खाली आली होती. दारावर आलेला वैदू म्हणाला, डागल्याशिवाय वाचत नाही. त्यानं विळ्याचं टोक चुलीत लाल केलं. शिंगराचं डोकं मंजुळाबाईंनीच दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"पोर परत आला तर तिचं तोंड ह्ये एवढं सुजलेलं. मला वाटलं, आज सांगू, उद्या सांगू. त्यानं काय केलं, तर खंडोबाला हात जोडले. म्हनला, ही खाऊ दे, तुझ्या घाटात पळवीन. नवव्या दिवशी तिनं गवताला तोंड लावलं. आई, देवानं ऐकलं, म्हनला. मी मान हलवली."

युसुफ खाली बघत चिपाडाचं साल काढत राहिला.

"दात येताना टाळू सुजतीच, मावशी," तो म्हणाला. "आठ-धा दिसांनी आपसूक उतरती."

मंजुळाबाईंनी पदर तोंडाशी धरला.

"त्याला सांगितलं का न्हाई, काकू?" भिमाजीनं विचारलं. रागानं नव्हे.

"सांगाया जावं तवा तो तिच्या तोंडावरनं हात फिरवत बसलेला असायचा रे."

आठवड्यानं युसुफनं नवं कडियाळ दिलं. एकसंध दांडी, मधे जोड नाही. करंगळीपेक्षा जाड, अंगठ्यापेक्षा बारीक. जिभेला जागा मिळावी म्हणून बीजेच्या चंद्रकोरीइतका बाक. टोकाच्या कड्या चपट्या, ओठ चिमटू नयेत म्हणून. मंजुळाबाईंनी विचारलं, वरून कातडं गुंडाळलं तर अजून मऊ होईल का? युसुफ नको म्हणाला. कुणीतरी एकदा कडियाळाला फडकं गुंडाळून दारूत भिजवलं होतं, तेव्हापासून पंच उघडं लोखंडच बघून घेत.

"आता हे घालायचं कुनी, ते ठरवा. भिमाजी बसंल वर, पन त्याचा हात मशीनचा. ज्या हातांनी डोकं धरलं व्हतं त्याच हातांनी घाला. तिला ठावं हाय ते हात कुनाचे."

पौषाची थंडी होती. पहाटेचं लोखंड हाताला चटका द्यावा तसं गार लागायचं. मंजुळाबाई अंघोळ करून देवापुढं जपाला बसत तेव्हा एका हातात माळ असे आणि दुसऱ्या मुठीत ते कडियाळ. एकशेआठ नावं होईपर्यंत ते अंगासारखं ऊन व्हायचं. मग त्या गोठ्यात जात. पहिले आठ दिवस नुसतं दाखवलं. घोडी भिंतीकडं तोंड करी. त्या तशाच उभ्या राहत, कडियाळ परत गार पडेपर्यंत. मग त्याला गूळ लावून ओठाशी धरू लागल्या. घोडी गुळालाही बधली नाही. विसाव्या दिवशी तिनं ओठ हलवले. सत्ताविसाव्या दिवशी, कुणी न ओढता, न दाबता, तोंड उघडलं आणि लोखंड आत घेतलं. मंजुळाबाईंनी कानामागचा पट्टा चढवला आणि तिथंच शेणामातीत बसल्या. रडल्या नाहीत. नुसत्या बसल्या.

माघी पौर्णिमेला घाटात माणसांचा पूर होता. ढोल वाजत होते, भंडाऱ्यानं हवा पिवळी झाली होती. पंच मारुतराव म्हणजे जुन्या चालीचे कडक गृहस्थ. त्यांनी शेवंतीच्या तोंडात बोट घालून दांडी चाचपली, काटे नाहीत, फडकं नाही, बघून घेतलं.

"काम झ्याक हाय. घोडी कुनाची?"

"ज्योतीरामची," मंजुळाबाई म्हणाल्या. मारुतरावांनी त्यांच्या अनवाणी पायांकडं बघितलं आणि घोडी पुढं सोडली.

भिमाजी वर बसला. "वढू नगंस," त्या त्याला म्हणाल्या. "नुसता धर."

"सतरा येळा सांगितलं काकू. आता घोडीला बी पाठ झालं असंल."

झेंडा पडला. शेवंती निघाली ती सुटलेल्या बाणासारखी. मागं बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा एकच आवाज उठला. लगाम ढिला होता, मान मोकळी होती. मंजुळाबाईंनी हात जोडले होते पण डोळे मिटले नाहीत. तिचं तोंड एकदाही वाकडं झालं नाही. घोडी घाट चढून गेली तेव्हा सगळ्या माळानं आरोळी दिली. वरून भिमाजीचा हात हलताना दिसला.

ती मग खाली यायला तयार होईना. भिमाजी उतरला, पुढं होऊन चालू लागला, तरी ती घाटमाथ्यावर तशीच उभी. मंजुळाबाई दगडगोट्यांतून चढत वर गेल्या.

घोडीचे कान टवकारलेले होते. ती वाटेकडं बघत होती. दौड संपली होती आणि आता कुणीतरी यायचं होतं.

मंजुळाबाईंनी पट्टा सोडला. कडियाळ बाहेर आलं. त्यावर लाळ होती, रक्त नव्हतं. त्यांनी ते भंडाऱ्यात बुडवून देवळाच्या दिशेनं कपाळाला लावलं. नवस फिटला होता. मग पदराची गाठ सोडली, भाकरीचा तुकडा काढला आणि उघड्या तळव्यावर धरला, ज्योतीराम धरायचा तसा.

शेवंतीनं तळवा हुंगला. तिचा श्वास त्यांच्या मनगटाला ऊन लागला. तिनं मान वळवली नाही. पण खाल्लंही नाही. हुंगून झाल्यावर परत वाटेकडं बघत राहिली.

खालून भिमाजीनं हाक मारली, "काकू, उपास सोडा आता. पेढा घ्या देवाचा."

"आले," त्या म्हणाल्या. पण हलल्या नाहीत. तळवा तसाच उघडा ठेवून त्या घोडीच्या कानाशी वाकल्या आणि जे सहा वर्षं मुलाला सांगता आलं नाही ते तिला सांगू लागल्या.