आत कोणी नाही

लटारी पिंपळशेंडे ‘नाही’ म्हणाला, की त्याच्या जवळची जमीन खचायची. पहिल्यांदा तुरीच्या शेतात खचली. शेजाऱ्यानं वखर मागितला, लटारी नाही म्हणाला, आणि बैलजोडी मावेल एवढा खड्डा पडला. मोजणीवाले येऊन गेले. खालच्या खाणीतला कोळसा संपत आला तेव्हा छत तोलणारे कोळशाचे खांबही कापून नेले, म्हणून जमीन बसते, असं ते म्हणाले.

खांब कापायला लावणारा मुकादम लटारीच होता. कापून झाल्यावर ‘आत कोणी नाही’ असं सांगून त्यानं खाणीचं तोंड बुजवून घेतलं. सत्यफुलाचा नवरा देविदास त्या पाळीवरून घरी आलाच नाही. कुठं तरी पळून गेला असेल, असं लटारीनं गावात पसरवलं. त्याला नऊ वर्षं झाली.

तुरीतल्या खड्ड्याचं कळलं तशी सत्यफुला लटारीच्या अंगणात जाऊन बसली.

“लटारीभाऊ, वाटीभर ताक हाये का?”

“नाही.”

रिकामा गोठा खाली गेला.

“वैनी हायेत का घरी?”

“नाही. माहेरी गेली.”

फाटक गेलं. ती रोज येऊ लागली. जेवले का, झोप लागली का, असं मायेनं विचारायची. लटारीनं ओठ आवळून पाहिले, पण जिभेचं वळण सुटेना. चौथ्या दिवशी घरही गेलं. आता तो बाजेएवढ्या तुकड्यावर उभा होता, चहूकडे काळोखी पोकळी.

“आता इचारू नको, सत्यफुला.”

“एकच. माहा माणूस आत होता का?”

लटारीनं खालच्या काळोखात पाहिलं.

“होता,” तो म्हणाला. “आवाज देत होता. म्या आयकला.”

जमीन जागची हलली नाही. सत्यफुलाला राग आला. नऊ वर्षं तिनं ‘नाही’ ऐकायची तयारी केली होती.

तिनं विहिरीचा दोर आणला, एक टोक पोकळीच्या अलीकडच्या कडुनिंबाला बांधलं, दुसरं त्याच्याकडे फेकलं.

“मंग उतरा. घेऊन या त्याले.”

लटारी उतरला. दुपार कलली तेव्हा दोराला हिसका बसला. मग आणखी दोन, छोटे, लागोपाठ. विहिरीतला गाळ काढताना बादली भरली की देविदास खालून असाच दोर हलवायचा. दोर ताणला, कडुनिंबाची साल सोलवटली. दोरावर दोघांचं ओझं होतं, आणि एकेक पीळ तुटत होता.

सत्यफुलानं कमरेचा विळा काढला आणि दोघांत वर कोण, खाली कोण ते पाहायला कडेवर पालथी पडली.