खिडकीजवळची खुर्ची

कोटांच्या कारखान्यात सगळेच तिला मावशी म्हणत, पण सख्खी मावशी ती एकट्या सुपरवायझरची. बहिणीचा मुलगा. त्याला इथं चिकटवलं तिनंच आणि सुईत दोरा ओवायला शिकवलं तेही तिनंच.

हातानं काजं करण्यात तिच्या पासंगाला कुणी पुरत नव्हतं. म्हणून भाच्यानं तिला खिडकीजवळची खुर्ची दिली. पगार होता तिथंच राहिला, पण ही खुर्ची मानाची, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. शेजारची बाई फिसकारली, "मान खाऊन ढेकर येतो का गं?"

"तुला कुणी कधी वाढलाच नाही, तुला काय कळणार?" मावशी म्हणाली.

मग एकदा भाचा शेजारी येऊन बसला. सारखे डोळे चोळतेस, त्रास असला तर सांग, आपल्यातच राहील, म्हणाला. नवरा गेल्यापासून इतक्या मायेनं तिला कुणी विचारलं नव्हतं. संध्याकाळी दोरा धूसर दिसतो, एवढं ती बोलून गेली. दुसऱ्या दिवशी तिच्यापुढं टेबलावरचा दिवा हजर. त्या दिव्यापायी मावशीनं चहाची सुट्टीही सोडली. दोघींचं काम एकटी उपसायची. घंटा झाली तरी हातातलं काज पुरं केल्याशिवाय उठायची नाही.

हंगाम सरला नि मालक आले. भाच्यानं त्यांना तो दिवाच दाखवला. मावशीला आता दिसत नाही, दिव्याशिवाय टाका पडत नाही, तिला घड्या घालायला लावू या, म्हणाला. आणि खुर्ची? त्याच्या बायकोला. ती नवी कात्री घेऊन आधीच दाराशी उभी होती.

केसानं गळा कापतात म्हणतात, यानं तर तिच्याच दोऱ्यानं कापला.

"आपल्यातच राहील म्हणाला होतास ना रे?"

"तुझ्याच भल्यासाठी केलं, मावशी."

पुढच्या हंगामात घड्यांचं काम तुंबलं. भाचा पुन्हा आला, पाठीवर हात ठेवला. उभ्यानं गुडघे दुखत असतील, स्टूल आणून देऊ का, म्हणाला. गुडघे सुजून भोपळे झाले होते.

"मला काही दुखत नाही," मावशी म्हणाली.

तेवढ्यात घंटा झाली. हातातल्या कोटाची एक बाही दुमडून झाली होती, दुसरी लोंबत होती. तसाच तो टेबलावर टाकून तिनं पिशवी उचलली.